तारण आणि जामीन : पॅरिस, १९१९



युद्धात कमावले ते तहात गमावले, असे आपण पुष्कळदा म्हणतो. ताश्कंद आणि सिमला या दोन करारांनंतर हे वाक्य आपल्याकडे सभांतून आणि चव्हाट्यावरच्या गप्पांतून सारखे ऐकू येई. त्यात एक गोष्ट गृहीत असते : समोर शत्रू बसला होता आणि आपण त्याच्यापुढे नमलो. आज मी ज्या तहाविषयी बोलणार आहे, त्यात शत्रूला खोलीत घेतलेलेच नव्हते. १९१९ च्या जानेवारीपासून मेपर्यंत पॅरिसमध्ये जी घासाघीस झाली, ती जिंकलेल्यांची जिंकलेल्यांशी. फ्रान्सने त्या तहात जे गमावले ते मित्रांच्या हातून गमावले. या गोष्टीकडे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी फारसे लक्ष दिलेले नाही, म्हणून मी हा विषय निवडला.

व्हर्सायच्या तहाबद्दल दोन मते आपल्या परिचयाची आहेत. तो फार कठोर होता, म्हणून जर्मनीत सूडाची भावना पेटली आणि हिटलर आला, हे एक. तो पुरेसा कठोर नव्हता, म्हणून जर्मनी वीस वर्षांत पुन्हा उठली, हे दुसरे. दोन्ही मते तहाची कलमे मोजतात. मला वाटते, त्या तहाचे खरे वजन तीन विजेत्यांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर तोललेले होते. तो शब्द वर्षभरही टिकला नाही. मग कलमे तेवढी उरली, आणि त्यांची राखण करायला कुणी उरले नाही.

ही तीन माणसे म्हणजे फ्रान्सचे पंतप्रधान जॉर्ज क्लेमान्सो, ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज आणि अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन. इटलीचे पंतप्रधान ऑर्लांडो हे चौथे. आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या तिघांच्या भूमिका नाटकातल्यासारख्या वाटून दिलेल्या असतात : क्लेमान्सो सूड घेणारे, विल्सन स्वप्न पाहणारे, लॉइड जॉर्ज दोघांच्या मधले चतुर. तिघांच्याही मनात आधीचे एकेक युद्ध होते आणि १९१९ ची शांतता ते त्या जुन्या युद्धाच्या अनुभवातून पाहत होते. तिथून सुरुवात केली तर माणसे अधिक नीट कळतात.

क्लेमान्सो तेव्हा ७७ वर्षांचे होते. १८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला तेव्हा ते मोंमार्त्र भागाचे महापौर होते. पुढल्या वर्षी फ्रान्सने बहुतेक अल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीला देऊन तह केला. त्या तहाविरुद्ध मत देणाऱ्या प्रतिनिधींत ते होते. त्या तहाने फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँकांची खंडणी लादली आणि ती फिटेपर्यंत जर्मन फौजा फ्रेंच भूमीवर राहिल्या. शेवटची तुकडी १८७३ च्या सप्टेंबरमध्ये परतली. पैसे येईपर्यंत जमीन ताब्यात ठेवायची, ही पद्धत क्लेमान्सोंनी कुठल्या ग्रंथात वाचलेली नव्हती. तरुणपणी ती त्यांनी सोसली होती.

विल्सन वाढले ते अमेरिकेच्या दक्षिणेत. यादवी युद्ध पेटले तेव्हा ते चार-पाच वर्षांचे होते आणि हरलेल्या दक्षिणेचे पुढचे हाल त्यांनी पाहिले. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. पराभूतांच्या मुलखात मोठ्या झालेल्या या माणसाला जमिनीच्या वाटपातून टिकाऊ शांतता येईल हे कधीच पटले नाही. लॉइड जॉर्ज यांचे युद्ध म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्ध. स्वदेशात शिव्याशाप खात त्यांनी त्याला विरोध केला होता. पुढे ब्रिटनने बोअरांना स्वराज्य दिले आणि काय झाले? ब्रिटिशांविरुद्ध लढलेले बोअर सेनापती यान स्मट्स १९१९ साली ब्रिटिश साम्राज्याच्या शिष्टमंडळात त्यांच्या शेजारी बसले होते. उदारपणे वागवलेला शत्रू मित्र होतो याचा जिवंत पुरावा त्यांच्या मांडीला मांडी लावून होता. मात्र बोअरांना जिंकले तेव्हा त्यांच्या आणि लंडनच्या मध्ये समुद्र होता. जर्मनी आणि फ्रान्सच्या मध्ये एक नदी, तीही सगळ्या सीमेवर नाही.

ती नदी ऱ्हाइन. आजचे माझे बहुतेक बोलणे तिच्याभोवती आहे.

फ्रान्सची अवस्था तेव्हा काय होती? तेरा लाखांहून अधिक सैनिक मेलेले. उत्तरेकडचे जिल्हे, म्हणजे फ्रान्सच्या कोळशाचा आणि कापड गिरण्यांचा प्रदेश, चार वर्षे युद्धभूमी झालेला. लांस भागातल्या कोळशाच्या खाणी जर्मनांनी पाणी भरून निकामी केल्या होत्या. उलट जर्मनीच्या भूमीवर पश्चिमेकडे लढाई जवळजवळ झालीच नव्हती. त्यांचे कारखाने उभे होते. फ्रान्सची लोकसंख्या चार कोटींच्या आत, जर्मनीची सहा कोटींच्या वर. जिंकल्यावरही हा फरक बुजत नव्हता. १९१४ साली पूर्वेकडून जर्मनीवर चालून जाणारा रशिया आता क्रांतीत बुडाला होता. पॅरिसच्या नकाशावर जर्मनी हरलेली दिसत होती, जनगणनेच्या आकड्यांत दिसत नव्हती.

फ्रान्सचे मार्शल फॉश यांचे उत्तर सैनिकाचे होते. ऱ्हाइन हीच सीमा. नदीच्या डाव्या तीरावरचा जर्मन मुलूख जर्मनीपासून तोडून स्वतंत्र करा आणि पुलांवर आमचे सैन्य कायम ठेवा. क्लेमान्सोंनी ही मागणी अधिकृतपणे मांडली. त्यांचे सहायक आंद्रे तार्दिए यांनी फेब्रुवारीत तिचे लांबलचक निवेदन तयार केले. पण क्लेमान्सोंच्या मनात त्याहून मोठी गोष्ट होती. २९ डिसेंबर १९१८ रोजी फ्रेंच संसदेत त्यांनी उघड सांगितले की, जुन्या पद्धतीची मैत्री आणि सत्तासमतोल यांवर आपला विश्वास अजून आहे. १९१४ साली ब्रिटन आणि अमेरिका आधीपासून फ्रान्सला बांधलेले असते, तर जर्मनीने हल्ला करायचे धाडस केले असते का, हा त्यांचा प्रश्न होता. जमीन हे त्यांच्या लेखी तारण होते. हवा होता तो जामीन.

त्यासाठी ते काय काय द्यायला तयार होते, हे एका प्रसंगातून दिसते आणि त्याचा धागा आपल्या मुलखापर्यंत पोचतो. १ डिसेंबर १९१८ रोजी लंडनमध्ये क्लेमान्सो आणि लॉइड जॉर्ज दोघेच बोलत होते. कुणी टिपणे घेतली नाहीत. क्लेमान्सोंनी विचारले, तुम्हाला काय हवे? मोसुल, लॉइड जॉर्ज म्हणाले. दिले. आणखी? जेरुसलेम. तेही दिले. १९१६ च्या गुप्त करारात मोसुल फ्रान्सच्या वाट्याला होते. बदल्यात क्लेमान्सोंनी नेमके काय मागितले, याचा कागद नाही. ऱ्हाइनच्या प्रश्नावर ब्रिटन आपल्या पाठीशी उभे राहील, अशी त्यांची समजूत होती, असा तर्क अनेक इतिहासकार करतात आणि मला तो पटतो, कारण पुढे लॉइड जॉर्ज यांच्यावर ते जितके चिडले तितके दुसऱ्या कुणावरही नाहीत.

मोसुल ज्यात येते त्या मेसोपोटेमियाची अशी बोलता बोलता देवाणघेवाण झाली, पण तिथे कोण लढले होते? कूतच्या वेढ्यात जनरल टाउनशेंडबरोबर ११०वी मराठा लाइट इन्फंट्री अडकली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने शरणागती पत्करली आणि कैद्यांना वाळवंटातून पायी हाकलत नेले. कित्येक वाटेतच मेले. सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतली तरुण मुले बसरा-बगदादच्या वाटेवर पुरली गेली. त्या भूमीचे काय व्हावे हे ठरवताना त्यांच्या आयांना किंवा त्या भूमीवर राहणाऱ्या अरबांना कुणी विचारले नाही. शांतता परिषदेचा विचार करताना मला हे दोन मिनिटांचे संभाषण सारखे आठवते.

आता लॉइड जॉर्ज. त्यांच्यावर दुटप्पीपणाचा आरोप सर्रास होतो. मला तो पुरता खरा वाटत नाही. त्यांना हव्या असलेल्या गोष्टी परिषद सुरू होण्याआधीच ब्रिटनच्या हाती आल्या होत्या, हे त्यांचे भाग्य होते आणि अडचणही. जर्मन आरमार नोव्हेंबर १९१८ मध्येच स्कापा फ्लो बंदरात अडकवून ठेवलेले. आफ्रिकेतल्या आणि प्रशांत महासागरातल्या वसाहती घेतलेल्या. व्यापारी जहाजे मिळणार हे ठरलेले. समुद्रावरची जर्मनी संपली म्हणजे ब्रिटनची भीती संपली. त्यांची पुढची गरज उलट दिशेची होती : जर्मनी पुन्हा माल विकत घेऊ लागली पाहिजे आणि रशियाच्या वाटेने बोल्शेविक होता कामा नये. मार्चच्या अखेरीस शनिवार-रविवार गाठून ते काही सहकाऱ्यांसह फाँतेनब्लो इथे गेले आणि २५ मार्च या तारखेचे निवेदन घेऊन आले. जर्मनांना मोठ्या संख्येने परक्या राज्यांखाली ढकललेत तर पुढचे युद्ध तिथेच पेटेल, असा त्याचा आशय होता. दूरदृष्टी त्यात नक्कीच आहे. १९३८-३९ साली चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडच्या प्रश्नावर काय घडले ते आपण जाणतो.

क्लेमान्सोंनी लेखी उत्तर दिले आणि त्या उत्तराला तोड नाही. त्याचा मथितार्थ असा : जर्मनीला खूश ठेवायचे असेल तर तिला आरमार परत द्या, वसाहती द्या, जगाचा व्यापार खुला करा. तुम्ही मात्र समुद्रावरचे सगळे आपल्याकडे ठेवून युरोपच्या जमिनीवर उदार व्हायला सांगता, म्हणजे आमच्या, पोलंडच्या आणि बोहेमियाच्या खर्चाने.

लॉइड जॉर्ज यांना दुसऱ्या बाजूने त्यांचे मतदार ओढत होते. १४ डिसेंबर १९१८ ची निवडणूक कैसरवर खटला आणि जर्मनीकडून युद्धाचा पुरेपूर खर्च या घोषणांवर लढली गेली. एप्रिलमध्ये दोनशेहून अधिक खासदारांनी त्यांना तार केली की वचन विसरू नका. मोठा पेच असा की युद्धबंदीच्या अटींनुसार भरपाई फक्त नागरिकांच्या नुकसानीची मागता येणार होती. नागरिकांची घरे पडली ती फ्रान्समध्ये आणि बेल्जियममध्ये. ब्रिटनच्या वाट्याला बुडालेल्या जहाजांपलीकडे फारसे काही येत नव्हते. तेव्हा स्मट्स यांनी मार्चअखेर टिपण लिहिले : सैनिकांच्या विधवांचे आणि अपंगांचे निवृत्तिवेतन हेही नागरी नुकसानच होय. विल्सन यांच्या कायदेपंडितांना ते मान्य नव्हते. विल्सन यांनी ते मान्य केले. त्यामुळे ब्रिटनचा वाटा वाढला, आणि जर्मनीकडून मागायचा सैद्धांतिक आकडाही फुगला. औदार्याचा पुरस्कार करणाऱ्या स्मट्स यांच्याच हातून हे व्हावे याचे मला दुःख वाटते. १९२१ साली लंडनमध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क हा आकडा ठरला. त्यातला ८२ अब्जांचा भाग प्रत्यक्षात वसूल होण्याची अपेक्षा खुद्द तो ठरवणाऱ्यांनाही नव्हती. ५० अब्जच खऱ्या अर्थाने देय होते. पण जर्मन वृत्तपत्रांत जो छापला गेला तो मोठा आकडा.

विल्सन यांच्याविषयी बोलताना माझा आवाज जरा बदलतो, कारण या माणसाने जगभरच्या गुलामांना क्षणभर आशा दिली होती. ८ जानेवारी १९१८ रोजी त्यांनी चौदा कलमे मांडली. तह त्याच कलमांवर होईल या लेखी आश्वासनावर जर्मनीने शस्त्रे ठेवली, हे विसरता कामा नये. त्यांना राष्ट्रसंघ हवा होता. बाकी तहातल्या चुका राष्ट्रसंघ पुढे सुधारील, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ती प्रामाणिक होती. याच श्रद्धेमुळे ते वाटाघाटीत कमजोर पडले. जो माणूस एका गोष्टीसाठी बाकी सारे पुढे ढकलायला तयार असतो, त्याच्याकडून बाकी सारे काढून घेता येते, हे समोरच्यांनी लवकर ओळखले. त्यात १९१८ च्या नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहे विरोधी पक्षाच्या हाती गेली होती. तरीही रिपब्लिकन पक्षाचा एकही वजनदार नेता त्यांनी पॅरिसला बरोबर नेला नाही. या चुकीची किंमत शेवटी क्लेमान्सोंना मोजावी लागली.

१५ फेब्रुवारीला विल्सन अमेरिकेला परतण्यासाठी निघाले. १९ फेब्रुवारीला एमिल कोतँ नावाच्या अराजकवाद्याने क्लेमान्सोंवर गोळ्या झाडल्या. एक गोळी शरीरात रुतली आणि ती तशीच राहू दिली. थोड्याच दिवसांत म्हातारा पुन्हा कामाला लागला. १४ मार्चला विल्सन पॅरिसमध्ये परत आले, आणि त्याच दिवशी परिषदेतला सर्वांत महत्त्वाचा सौदा पुढे आला. विल्सन आणि लॉइड जॉर्ज यांनी मिळून क्लेमान्सोंना सांगितले : ऱ्हाइनलँड जर्मनीपासून तोडायची मागणी सोडा. त्याऐवजी, जर्मनीने चिथावणीशिवाय हल्ला केला तर अमेरिका आणि ब्रिटन तत्काळ तुमच्या मदतीला येतील, असा करार आम्ही करून देतो.

ब्रिटनने आधुनिक काळात, शांतता असताना, असे वचन फ्रान्सला दिले नव्हते. अमेरिकेने तर युरोपात कुणालाच नाही. क्लेमान्सोंनी तीन दिवस विचार केला. फॉश यांचा ठाम विरोध होता. फ्रान्सचे अध्यक्ष प्वँकारेही नाराज होते. सैनिक म्हणत होता, नदी सोडू नका. क्लेमान्सोंचे म्हणणे असे की, दोन समुद्री सत्ता सोबत नसतील तर नदी धरूनही आपण फार काळ टिकणार नाही. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. परकी फौज बसवून साठ-सत्तर लाख जर्मनांना त्यांच्याच देशापासून तोडून ठेवणे म्हणजे नवे अल्सास-लोरेन निर्माण करणे झाले असते, आणि तो घाव काय असतो हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

त्यांनी जामीन घेतला, पण तारण पुरते सोडले नाही. पुढचे सहा आठवडे त्यासाठी भांडण चालले. जर्मनीतल्या सार खोऱ्याच्या कोळशावरून २८ मार्चला क्लेमान्सो विल्सनना जर्मनधार्जिणे म्हणाले आणि खोलीबाहेर पडले. एप्रिलच्या सुरुवातीला विल्सन तापाने फणफणले आणि ७ तारखेला त्यांनी आपले जहाज, जॉर्ज वॉशिंग्टन, परतीसाठी मागवले. ती धमकी होती आणि सगळ्यांना ती कळली. अखेर ठरले ते असे : सारच्या खाणी फ्रान्सकडे, प्रदेश १५ वर्षे राष्ट्रसंघाकडे आणि मग सार्वमत. ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर मित्रराष्ट्रांची फौज १५ वर्षे, दर पाच वर्षांनी एकेक टप्पा रिकामा करत. डाव्या तीरावर आणि उजवीकडच्या ५० किलोमीटरच्या पट्ट्यात जर्मन सैन्य आणि किल्ले कायमचे बंद. क्लेमान्सोंनी आणखी एक ओळ घालून घेतली, ती कलम ४२९ मध्ये सापडते : १५ वर्षांनंतर जर्मन हल्ल्याविरुद्धची हमी मित्रराष्ट्रांना पुरेशी वाटली नाही, तर फौज मागे घेणे लांबवता येईल. जामीन पळून जाऊ शकतो, हे त्या म्हाताऱ्याने सही करण्यापूर्वीच ओळखले होते.

इटलीबद्दल थोडक्यात सांगतो. १९१५ च्या लंडन करारात तिला काही मुलखाचे वचन मिळाले होते. ऑर्लांडोंनी त्यावर फियूमे बंदर मागितले. २३ एप्रिलला विल्सन यांनी त्यांना डावलून थेट इटालियन जनतेला उद्देशून निवेदन काढले, आणि ऑर्लांडो रागाने रोमला निघून गेले. ते परतले तोवर बाकीचे तिघे पुढे गेले होते. जपानचे प्रकरण अधिक जिव्हारी लागणारे आहे. राष्ट्रसंघाच्या करारनाम्यात सर्व राष्ट्रांच्या नागरिकांच्या समानतेचे तत्त्व घालावे, असा जपानचा प्रस्ताव ११ एप्रिलला मताला आला. १७ पैकी ११ मते अनुकूल पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. एकमत नाही म्हणून प्रस्ताव नामंजूर, असा निर्णय त्यांनी दिला. त्याच महिन्यात जपानला चीनच्या शानतुंगमधले जर्मन हक्क मिळाले. ४ मे रोजी बीजिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि चीनने तहावर सही केली नाही.

११ एप्रिल ही तारीख आपण लक्षात ठेवायला हवी. तिच्यानंतर दोनच दिवसांनी जालियनवाला बाग घडली. पॅरिसमध्ये समानतेवर मत घेतले जात होते तेव्हा आपल्याकडे रौलट कायदा लागू झालेला होता.

लोकमान्य टिळक त्या दिवसांत लंडनमध्ये होते. चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते १९१८ च्या शरद ऋतूत तिकडे गेले; फेब्रुवारी १९१९ मध्ये खटला हरले. १९१८ च्या डिसेंबरमधल्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे ठरवली होती. टिळकांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही. मग त्यांनी मार्चमध्ये परिषदेचे अध्यक्ष असलेल्या क्लेमान्सोंना पत्र लिहिले. स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानलाही लागू करा, स्वराज्य मिळालेला हिंदुस्थान आशियातल्या शांततेचा आधार होईल, असे त्यात होते. विल्सन ज्या भाषेत बोलत होते तीच भाषा टिळकांनी अचूक उचलली होती. मंडालेहून सुटून पाचही वर्षे झाली नव्हती, मधुमेहाने शरीर पोखरलेले, खटल्याच्या खर्चाने कर्ज झालेले. अशा अवस्थेत हा माणूस जगाच्या नव्या मांडणीकडे डोळे लावून होता. आपण टिळकांचे मोठेपण सांगताना हा अध्याय वगळतो, तो वगळू नये. परिषदेत हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते, पण ते सरकारने नेमलेले. २८ जूनला व्हर्सायच्या आरसेमहालात हिंदुस्थानतर्फे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी सह्या केल्या. सुमारे तेरा लाख माणसे युद्धाला पाठवणाऱ्या देशाला सहीचा मान मिळाला, स्वराज्य नाही.

त्याच २८ जूनला, त्याच ठिकाणी, हमीच्या दोन करारांवरही सह्या झाल्या : एक अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात, दुसरा ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात. मुख्य तहाच्या गाजावाजात त्यांच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. ब्रिटिश करारात अट होती : अमेरिकेचा करार मंजूर होईल तेव्हाच आमचा लागू होईल. म्हणजे जामीन दोन होते, पण दुसरा पहिल्याच्या खांद्यावर उभा होता.

विल्सन यांनी व्हर्सायचा तह १० जुलैला सिनेटपुढे ठेवला. हमीचा करार बरोबरच ठेवायचा होता. तो त्यांनी २९ जुलैला पाठवला. त्यांचे मन राष्ट्रसंघात होते. तिकडे सिनेटमधल्या विरोधकांत असेही लोक होते ज्यांना राष्ट्रसंघाचे अमर्याद बंधन नको होते, पण फ्रान्सला ठराविक, मर्यादित हमी द्यायला हरकत नव्हती. त्यांना जवळ करण्याऐवजी विल्सन देशभर भाषणांच्या दौऱ्यावर निघाले. २५ सप्टेंबरला कोलोरॅडोत ते कोसळले; २ ऑक्टोबरला अर्धांगवायूचा झटका आला. नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये सिनेटने व्हर्सायचा तह नाकारला. फ्रान्सच्या हमीवर तर सिनेटमध्ये मतदानच झाले नाही. ब्रिटनची हमी आपोआप गळून पडली. लॉइड जॉर्ज यांनी तिला वेगळ्या मार्गाने जिवंत ठेवण्याची तसदी घेतली नाही. ती त्यांना घेता आली असती, आणि मी याला त्यांचा सर्वांत मोठा दोष मानतो. तोवर मोसुल ब्रिटनकडेच राहिले होते.

यानंतर फ्रान्सचे वागणे पाहा. १९२३ साली फ्रेंच सैन्य जर्मनीच्या रूर भागात शिरले. जग म्हणाले, फ्रान्स सूडाने आंधळा झाला आहे. ज्याला जामीन मिळाला नाही तो तारण धरायला धावला, असे मी म्हणेन. ते पाऊल चुकीचे ठरले. जर्मन चलन कोसळले आणि फ्रान्स मित्रांपासून आणखी तुटला. पण त्याचे मूळ वॉशिंग्टनमध्ये होते. १९२२ च्या अखेरीस ८१ वर्षांचे क्लेमान्सो स्वतः अमेरिकेत गेले आणि शहरोशहरी सभा घेऊन विचारत राहिले, तुम्ही शब्द दिला होता त्याचे काय? लोकांनी टाळ्या वाजवल्या. धोरण बदलले नाही. १९२९ साली क्लेमान्सो वारले. पुढच्या जूनमध्ये, मुदतीच्या पाच वर्षे आधी, शेवटच्या फ्रेंच तुकड्यांनी ऱ्हाइनलँड सोडले. कलम ४२९ मधली मुदत लांबवण्याची ती ओळ कधी वापरलीच गेली नाही. ७ मार्च १९३६ रोजी जर्मन सैन्य त्या पट्ट्यात शिरले तेव्हा कुणी अडवले नाही. तह मोडला होता याबद्दल दुमत नव्हते. तो सांभाळायचा कुणी, हा प्रश्न होता, आणि फ्रान्स एकट्याने पुढे यायला तयार नव्हता.

या तहाविषयी जगाचे मत घडवले ते ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या पुस्तकाने. ब्रिटिश शिष्टमंडळाचा राजीनामा देऊन त्यांनी १९१९ च्या डिसेंबरात तहाच्या आर्थिक परिणामांवर ते प्रसिद्ध केले. भरपाईच्या हिशेबांत त्यांचे पुष्कळ बरोबर होते. पण फ्रान्सच्या भीतीला त्यांच्या पुस्तकात जागा फार थोडी आहे. त्याला सविस्तर उत्तर दिले एत्येन मांतू नावाच्या तरुण फ्रेंच अर्थतज्ज्ञाने. १९१९ साली चौघांच्या बैठकीत दुभाषाचे काम करणाऱ्या पॉल मांतू यांचा तो मुलगा. वडिलांनी ती वचने कानांनी ऐकून दुसऱ्या भाषेत सांगितली होती. मुलगा दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपायला जेमतेम आठवडा उरला असताना मारला गेला. त्याचे पुस्तक पुढच्या वर्षी निघाले.

४ एप्रिल १९४९ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यासह बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या. एकावरचा सशस्त्र हल्ला तो सर्वांवरचा मानला जाईल, हे त्याचे पाचवे कलम. १९१९ साली क्लेमान्सोंना तोंडी आणि लेखी देऊ केलेले, आणि त्यांच्या हयातीत न मिळालेले वचन जवळपास तेच होते. या वेळी तो करार अमेरिकी सिनेटपुढे आला आणि २१ जुलैला ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला. १९५५ साली पश्चिम जर्मनीही त्यात सामील झाली.